पाणसळ, केणी आणि तांबडा किरण

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एका शेताविषयी पुष्कळ काही लिहिलेलं असतं. क्षेत्र किती, आकार किती, कब्जेदार कोण, बोजा कोणाचा, यंदा पीक कोणतं. एक गोष्ट मात्र तिथे कधीच नसते : शेताचा कोणता कोपरा कोणत्या कोपऱ्यापेक्षा किती वर आहे. ज्याला रात्रीच्या विजेवर उठून दारं धरायची असतात, त्याच्या दृष्टीने पहिली महत्त्वाची गोष्ट तीच. पाणी क्षेत्रफळ ओळखत नाही, मालक ओळखत नाही. ते फक्त वरखाल ओळखतं.

कागदावरच्या या उणिवेला इतिहास आहे. १८२० च्या दशकाअखेरीस पुणे भागात प्रिंगल यांनी केलेली मोजणी आणि आकारणी फसली. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतलं आणि त्यातून पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी उभी राहिली. सरकारला सारा हवा होता, साऱ्यासाठी क्षेत्र हवं होतं आणि क्षेत्रासाठी साखळी पुरत होती. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तो गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही जागेचा भाव गुंठ्यावर बोलतो. उताराकडे अगदीच दुर्लक्ष झालं असं नाही. प्रतबंदी करताना जमिनीची खोली आणि पोत पाहत, आणि चुनखडी, वाळू यांच्या जोडीला उतार हाही एक ‘दोष’ धरून जमिनीची प्रत खाली आणत. म्हणजे उतार नोंदला गेला तो वजावटीच्या खात्यात. तो किती, कुठून कुठे, हे लिहून ठेवण्याची गरज सरकारला वाटली नाही.

शंभर वर्षांनी हीच गोष्ट अंगाशी आली. माती वाहून जाते हे ध्यानात आल्यावर मुंबई प्रांताने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्यापुढच्या काळात दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर पडू लागले. समपातळी बांध म्हणजे डोंगरउतारावर एकाच उंचीवरून नागमोडी जाणारा बांध. शास्त्र म्हणून तो चोख होता. पण तो एका गटातून शिरून दुसऱ्या गटातून निघायचा, एखाद्याच्या शेताचा त्रिकोणी तुकडा पाडायचा, वरच्याचं पाणी खालच्याच्या पिकात तुंबवायचा. पुष्कळ शेतकऱ्यांनी हे बांध हळूहळू नांगरून टाकले. अधिकारी त्याला अडाणीपणा म्हणत. मला तसं वाटत नाही. हक्काची रेष एकीकडून जाते आणि पाण्याची रेष दुसरीकडून, हे त्या शेतकऱ्याला सरकारी ओव्हरसियरपेक्षा आधी कळलं होतं. आणि कोर्टात उभी राहते ती हक्काची रेष, हेही त्याला ठाऊक होतं.

जुन्या शेतीत सपाटीची अवजारं साधी होती. ढेकळं फोडून वरवरची सपाटी करायला मैंद किंवा फळी. जास्तीची माती खरवडून खळग्यात नेऊन टाकायला केणी; बैल ओढणार आणि मागचा माणूस मूठ दाबून किंवा उचलून माती भरणार, सोडणार. सगळा खेळ त्या मुठीवरच्या हाताचा आणि डोळ्याचा. गवंड्याकडे ओळंबा असतो, पाणसळ असते. केणीवाल्याकडे यातलं काही नसे. त्याची पाणसळ म्हणजे प्रत्यक्ष पाणी. भाताच्या खाचरात पाणी सोडलं की उंचवटा डोकं वर काढतो, तेवढा फळीने दाबायचा. कोरडवाहू जमिनीत पहिल्या वळवाच्या पावसानंतर डबकी कुठे साचली ते पाहून ठेवायचं. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि बऱ्यापैकी चाललं. धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात फडपद्धतीचं पाणी फिरायचं ते याच नजरेच्या भरवशावर. पाटकऱ्याला कोणत्या फडात पाणी किती वेळात पोचेल हे घड्याळाशिवाय कळत असे.

या नजरेला मर्यादा किती, हे एका साध्या हिशेबावरून कळतं. एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर पाणी उभं करायचं म्हणजे शंभर घनमीटर, अर्थात एक लाख लिटर. आता समजा, डोळ्याला सपाट वाटणाऱ्या शेतात एक कोपरा दुसऱ्यापेक्षा दहा सेंटिमीटरने उंच आहे. चार बोटं जाडीचं अंतर. माणसाच्या नजरेत ते भरतही नाही. पण उंच कोपरा भिजेपर्यंत सखल कोपऱ्यात दहा सेंटिमीटर पाणी जास्तीचं साचतं, आणि सगळ्या शेताची सरासरी धरली तरी पाच सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी पाच लाख लिटर पाणी केवळ त्या चार बोटांपायी जातं. तेही प्रत्येक पाळीला. वरच्या कोपऱ्यातलं पीक तहानलेलं राहतं, खालच्यातलं पिवळं पडतं, खत एकीकडे धुऊन जातं आणि तण दुसरीकडे माजतं.

ही चार बोटं मोजून काढणारं साधन सापडलं ते मात्र सिंचनासाठी नव्हे. ते सापडलं नको असलेलं पाणी घालवण्याच्या उद्योगात, आणि तेही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात.

ओहायोच्या वायव्य भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘ग्रेट ब्लॅक स्वॉम्प’ नावाची अफाट दलदल होती. झाडी इतकी दाट की दिवसा अंधार, चिखल इतका की गाडी रुतायची, आणि हिवताप घरोघरी. या दलदलीखाली काळीभोर, कसदार जमीन होती. ती मिळवण्यासाठी लोकांनी चर खणले, चरांत भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि जमिनीतलं पाणी त्या नळ्यांतून ओढ्याला काढून दिलं. ही युक्ती न्यूयॉर्क राज्यात जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने १८३० च्या दशकात मायदेशाहून आणली होती. शेजारी त्याला हसले; जमिनीत मडकी पुरतो म्हणाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहायोतल्याच जेम्स हिल यांनी चर खणणारं वाफेचं यंत्र काढलं आणि उरलीसुरली दलदल झपाट्याने हटली.

नळी पुरण्यात एकच कळीचा मुद्दा असतो : उतार. शंभर मीटरला दहा सेंटिमीटर इतका बारीक उतारही पुरतो, पण तो सलग हवा. मध्येच नळीला पोट पडलं की तिथे गाळ साचतो आणि सगळी ओळ निकामी होते. जमिनीखाली असल्यामुळे दिसतही नाही. यंत्र हाकणारा माणूस यासाठी शेतात ओळीने काठ्या रोवी, त्यांवर ठरल्या उंचीला आडव्या पट्ट्या बांधी आणि यंत्रावरची पट्टी त्या ओळीत ठेवत पुढे जाई. म्हणजे बंदुकीने नेम धरावा तसं दिवसभर पाहत राहायचं. यंत्र सावकाश चालत होतं तोवर हे जमत होतं.

१९६० च्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. मातीच्या नळीच्या जागी प्लास्टिकची पन्हळदार, गुंडाळता येणारी नळी आली. आणि चर न खणता जमीन चिरत जाऊन ती नळी थेट आत सोडणारा नांगर आला. हा नांगर इतका भराभर चाले की काठ्यांकडे पाहत मूठ वरखाली करणं माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नाही. वेगवान यंत्राला वेगवान डोळा हवा होता. नेमका तेव्हाच तो डोळा प्रयोगशाळेत तयार पडला होता. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत हेलियम-निऑन वायूंचा अखंड किरण मिळाला आणि १९६२ मध्ये तो डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगात आला. याचं करायचं काय, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. प्रश्न शोधत हिंडणारं उत्तर अशी त्याची थट्टा होई. त्याला सापडलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक ओहायोच्या चिखलात होता, हे विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासांत सहसा येत नाही. शस्त्रक्रिया, अंतराळ, छपाई यांच्या तेजात चराची नळी कोणाला दिसणार?

कोलंबस इथे अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी काम करणारे जेम्स फाउस आणि त्यांचे सहकारी यांनी नळी सोडणाऱ्या नांगराला लेझरच्या ताब्यात दिलं. त्याच राज्यात डेटनच्या रॉबर्ट स्टुडबेकर यांनी किरण गोल फिरवण्याची युक्ती व्यवहारात आणली आणि ‘लेझरप्लेन’ नावाची कंपनी काढली. युक्ती ऐकायला सोपी आहे. तिपाईवर एक दिवा. त्यातला किरण आडवा, भराभर गरगर फिरतो. किरण ही रेष असते, पण फिरत्या किरणाचा शेतावर एक अदृश्य पत्राच अंथरला जातो. हवेत तरंगणारा, शेकडो मीटर पसरलेला, हवा तर अगदी आडवा आणि हवा तर ठरावीक कलता. ट्रॅक्टरमागच्या सुपाला एक उभा दांडा, दांड्यावर किरण पकडणारं यंत्र. सूप उंचवट्यावर चढलं की किरण दांड्याच्या खालच्या भागावर पडतो. खळग्यात उतरलं की वरच्या. तेवढी खूण मिळताच तेलाच्या दाबावरचा पंप सूप खाली-वर करतो. चालकाने फक्त ट्रॅक्टर हाकायचा. केणीच्या मुठीवरचा हात गेला तो इथे. एक-दोन सेंटिमीटरच्या आत सपाटी येते. जोराचा वारा सुटला आणि तिपाई हलली, किंवा धूळ फार उडाली, तर मात्र हे सगळं शहाणपण थांबतं.

या नळ्यांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. दलदल गेली आणि तिथे मका, सोयाबीन आलं. नळ्यांतून पाण्याबरोबर शेतातलं विरघळलेलं फॉस्फरस मॉमी नदीत आणि तिथून ईरी सरोवरात जाऊ लागलं. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरात विषारी शेवाळ इतकं वाढलं की टोलेडो शहर आणि परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने विष उलट दाट होतं. पूर्वी ते पाणी गाळून घेणारी दलदल तेथून केव्हाच नाहीशी झाली होती.

नळीवरून लेझर जमिनीच्या पृष्ठावर आला तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्यामागे चक्क दोन देशांचं भांडण होतं. कोलोरॅडो नदीचं पाणी मेक्सिकोला किती द्यायचं ते १९४४ च्या तहाने ठरलं होतं. पाणी कसं असावं, हे तहात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक सिंचनक्षेत्रात जमिनीखालचं पाणी वर येऊन पिकं बसू लागली, तेव्हा १९६१ मध्ये तिथलं खारं पाणी उपसून नदीत सोडायला सुरुवात झाली. सीमेपलीकडे मेक्सिकाली खोऱ्यात तेच पाणी कापसाला मिळालं. सीमेवरच्या पाण्यातला क्षार वर्षा-दोन वर्षांत जवळपास दुप्पट झाला आणि खोऱ्यातली जमीन करपू लागली. मोर्चे निघाले, निषेधाचे खलिते गेले. १९७३ मध्ये तडजोड झाली, १९७४ मध्ये अमेरिकेने क्षार आवरण्याचा कायदा केला आणि युमा इथे पाणी गोडं करण्याचा प्रचंड कारखाना बांधायला घेतला.

कारखान्याला जोडून एक साधा उपायही होता. खारं पाणी कमी यावं असं वाटत असेल तर मुळात शेतात पाणी कमी मुरू द्यावं. त्यासाठी सरकारी मदतीने शेतं लेझरने निखळ सपाट केली गेली. शून्य उतार, चहूबाजूंनी बांध, मोठ्या दारातून एकदम भरपूर पाणी सोडायचं आणि ते मिनिटांत सगळीकडे सारखं पसरू द्यायचं. हजारो वर्षं शेतकरी पाणी वाहावं म्हणून थोडा उतार राखत आला. इथे उतारच काढून टाकला. युमाचा कारखाना १९९२ मध्ये तयार झाला, थोडे महिने चालला आणि थांबला. नंतर तो चालला तो चाचणीपुरताच. शेतं मात्र सपाट राहिली. आणि जे खारं पाणी वेगळ्या कालव्याने मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे नेऊन सोडलं होतं, त्यावर सिएनेगा दे सांता क्लारा नावाचं पाणथळ उभं राहिलं. आज ते पक्ष्यांसाठी नावाजलेलं आहे. कोणाचं सांडपाणी कोणाची दलदल होईल, याचा नेम नाही.

आपल्या देशात जमीन सपाट करणारा लेझर आला २००१ च्या सुमारास, पश्चिम उत्तर प्रदेशात. गहू-भातावर काम करणाऱ्या संशोधन संस्थांच्या पुढाकाराने. तिथून तो हरियाणा-पंजाबात पसरला. पंजाबी शेतकऱ्याने त्याचं नाव ‘कंप्यूटर कराहा’ ठेवलं. कराहा म्हणजे तिकडची केणी. एका शब्दात जुन्या अवजाराची ओळखही राहिली आणि नव्याचा रुबाबही आला.

त्याचं लोण पसरलं ते भाड्याच्या पद्धतीमुळे. स्वतःचं यंत्र घेणं थोड्यांनाच परवडतं. पण एकाने किंवा सहकारी सोसायटीने घ्यायचं आणि तासाच्या भाड्याने गावात फिरवायचं, ही पद्धत चांगली बसली. हरियाणा-पंजाबातल्या पाहण्यांत दिसलं की भाताला हेक्टरी पाणी देण्याचा वेळ हंगामात ४७ ते ६९ तासांनी कमी झाला आणि उत्पन्न सात-आठ टक्क्यांनी वाढलं. मधले छोटे बांध आणि दांड निघाल्याने थोडी जमीनही वाढते. हे आकडे मला खरे वाटतात. वरचा चार बोटांचा हिशेब त्यांना दुजोराच देतो.

प्रश्न आहे तो पुढचा. पंजाबात शेतीची वीज फुकट आहे. वाचलेल्या तासांची किंमत शेतकऱ्याला कळते, कारण वीज येते ती मोजक्या वेळात. वाचलेल्या पाण्याची किंमत त्याला मोजावीच लागत नाही. त्या तासांत तो पंप बंद ठेवेल की शेजारच्या तुकड्याला पाणी देईल? लेझर याचं उत्तर देत नाही. भूजल खाली जाणं थांबेना, तेव्हा पंजाब सरकारने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी १० जूनच्या आधी करायला बंदी घातली. उन्हाच्या कडाक्यात शेतात पाणी उभं राहू नये म्हणून. हेतू चांगला, पण भात उशिरा लावला म्हणून कापणीही उशिरा. गव्हाच्या पेरणीला मध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे. म्हणून धसकटं जाळायची घाई. दिल्लीवर नोव्हेंबरात धरणाऱ्या धुराच्या कारणांत अभ्यासक याही कायद्याचं नाव घेतात. पाण्याची एक बाजू सपाट केली की दुसरीकडे काहीतरी वर येतं.

पूर्व उत्तर प्रदेशातली गोष्ट वेगळी. तिथे पाणी वर आहे, पण ते डिझेलने उपसावं लागतं. प्रत्येक तासाचे पैसे रोख जातात. महाराजगंज, गोरखपूर, देवरिया या जिल्ह्यांत संशोधकांनी शेतकऱ्यांना लेझरच्या तासांसाठी बोली लावायला सांगितली. बोली आली, पण पुष्कळांची बाजारभावापेक्षा कमी. ज्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याला आधी फायदा झालेला होता, त्यांची बोली चढली. म्हणजे गरज पंजाबइतकीच, कदाचित जास्त, ऐपत कमी. आणि अर्ध्या बिघ्याच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळवायलाच जागा नसते, ती अडचण आणखी निराळी.

महाराष्ट्रात हे यंत्र आलं आहे, पण ‘कंप्यूटर कराहा’सारखं घरोघरचं नाव त्याला मिळालेलं नाही. याला आळस कारण नाही, भूगोल आहे. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात वरचा फूटभर थर काढला तरी खाली मातीच असते. दख्खनच्या माळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. उंचवट्यावरची माती खळग्यात लोटली की उंचवटा उघडा पडतो आणि तिथे पुढची काही वर्षं पीक बसत नाही. खोल काळ्या रानात ही भीती कमी. पण ती माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे सेंटिमीटरची सपाटी तिच्यात टिकवणं कठीण. शिवाय इथल्या बागायतदाराने दुसरीच वाट धरली : ठिबक. नळीतलं पाणी दाबाने जातं, त्याला जमिनीच्या वरखालीशी फारसं देणंघेणं नसतं. एका अर्थी पंजाबने जमीन पाण्याजोगी केली आणि आपण पाणी जमिनीजोगं केलं. दोन्हीकडे अनुदान लागलं.

जिथे आपण पाणी मोकाट सोडलं, तिथे मात्र ओहायोचा जुना प्रश्न दारात उभा आहे. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठची उसाची जमीन जादा पाण्याने चिबड आणि खारवट झाली. शिरोळ-मिरजेच्या भागात आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून ते पाणी काढलं जातं. तीच पन्हळदार नळी, तोच बारीक सलग उतार, पोट पडलं तर तेच नुकसान. आणि एक अट इथे आहे : एकट्याने करून भागत नाही. आपली नळी ओढ्याला मिळायची तर ती खालच्या तीन-चार जणांच्या रानातून न्यावी लागते. यातला कोणी एक अडून बसला की वरच्यांचं पाणी अडतं.

लेझर परवडत नाही किंवा चालत नाही अशा डोंगरउतारावर, पाणलोटाच्या कामात, एक वेगळंच साधन दिसतं. दोन काठ्या, दोन्हीवर फूटपट्टीसारख्या खुणा, आणि त्यांना जोडणारी पारदर्शक रबरी नळी, पाण्याने भरलेली. त्याला ‘हायड्रोमार्कर’ म्हणतात. आहे ती गवंड्याची जुनी नळी, काठ्यांवर चढवलेली. एक जण वरच्या खुणेपाशी काठी धरून उभा राहतो, दुसरा उतारावर पुढे-मागे सरकत जातो. नळीतला बुडबुडा बोटाने टिचकी मारून आधी घालवावा लागतो, नाहीतर माप चुकतं. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला थांबलं की तिसरा फक्की टाकतो. अशी ठिपक्याठिपक्यांची रेष डोंगराला वळसा घालून जाते, कोणाच्याही बांधाला न विचारता. म्हणून खोदाई सुरू होण्याआधी ती ज्यांच्या ज्यांच्या गटातून गेली त्यांचे सातबारे काढतात आणि संमतीच्या सह्या घ्यायला घरोघर फिरतात.